गिरणी का बंद होती?

"ताई, गिरणीवाल्याचं कळलं का काही?"

आमच्या आणि शेजारच्या सोसायटीच्या मधली भिंत बरोबर खांद्याएवढी आहे. बांधणाऱ्याने ती कुंपण म्हणून बांधली, आम्ही कट्टा म्हणून वापरतो. इकडून अळूची पानं जातात, तिकडून कढीलिंब येतो, आणि बातम्या दोन्हीकडून. पाणी भरून, धुणं वाळत घालून झालं की साडेनऊच्या सुमाराला पलीकडच्या वहिनी गाऊनवर ओढणी टाकून भिंतीशी येतात. मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या आसपास काय घडलं ते वर्तमानपत्रात येत नाही, या भिंतीवर मात्र दुसऱ्या दिवशी हमखास येतं.

"काय झालं गिरणीवाल्याला?" मी साळसूदपणे विचारलं.

"अहो, काल रविवारचा दिवस, दुपारचे साडेबारा, आणि गिरणी बंद! लाईट होती, शटर वर होतं, रांगेत डबे होते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या म्हणतात मोटर जळाली. दूधवाला म्हणतो महापालिकेची गाडी येऊन गेली. आणि आमचे सेक्रेटरी म्हणतात, बिल्डरचं आणि त्याचं जमलं, महिन्याभरात गाळा सोडतोय."

हल्ली मुलुंडात कुठे जरा शांतता झाली की माणसांना आधी बिल्डर आठवतो.

"वहिनी," मी म्हटलं, "गिरणी फक्त तीस सेकंद बंद होती. आणि ती आमच्या नातवाने बंद करायला लावली."

वहिनींनी हातातली कोथिंबिरीची जुडी भिंतीवर ठेवली. म्हणजे आता अर्धा तास तरी त्या हलत नाहीत. मलाही तेच हवं होतं, कारण माझ्या हातात पिशवीखाली एक कागद होता. पण ते नंतर.

नातू नववीत आहे. सीबीएसईच्या शाळांत नववीपासून पाच विषयांच्या जोडीला सहावा कौशल्य विषय घेता येतो. त्या विषयांच्या यादीतून याने मल्टिमीडिया उचलला. पन्नास मार्क लेखी, पन्नास प्रात्यक्षिक.

"म्हणजे मोबाईल बघायचे मार्क?" वहिनींचा आवाज चढला. "आमच्या वेळी भूगोलाच्या पुस्तकात रहस्यकथा सापडली तर बाई पट्टी मारायच्या!"

मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. त्यांच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात काम दिलं ते मात्र मोबाईलला हात न लावण्याचं. फोन एका जागी घट्ट बांधायचा आणि चोवीस तास त्याला शिवायचं नाही. कारण, बाई म्हणाल्या, दादासाहेब फाळक्यांनी तसंच केलं होतं. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला, पण त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडं थोडं चित्रण केलं, आणि अंकुर फुटून वेल होईपर्यंतची मिनिटभराची फिल्म केली. ती दाखवून त्यांनी पैसेवाला माणूस पटवला. सिनेमाला भांडवल मिळालं ते एका वाटाण्याच्या जोरावर.

आमच्याकडे वाटाणा नव्हता. मटकी होती. माझ्या ओट्याशेजारच्या खिडकीत फडक्यावर मटकी, समोर चहापत्तीच्या डब्याला बांधलेला त्याच्या आईचा जुना फोन, आणि दर पाच मिनिटांनी एक फोटो. नातवाने मला हिशेब समजावला. तासाला बारा फोटो, दिवसाचे २८८, आणि सेकंदाला पंचवीस फोटो पळवले तर सगळं मिळून साडेअकरा सेकंद. दिवसभराच्या मटकीचे साडेअकरा सेकंद! वर्गात गणिताला झोपणारा मुलगा ओट्याशी उभा राहून भागाकार करत होता.

"मग? झालं?"

"कसलं होतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, मोड छान आले होते, मी उसळ केली."

वहिनी एवढ्या हसल्या की त्यांच्या खिडकीतून भाऊंनी डोकं बाहेर काढलं. वहिनींचे मिस्टर, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. वरळीच्या दूरदर्शन केंद्रात आयुष्य गेलं त्यांचं, साउंड विभागात. निवृत्त झाल्यापासून ते फारसे बोलत नाहीत. वहिनी म्हणतात, तीस वर्षं कानाला हेडफोन होता, आता मी बोलते तरी ऐकू येत नसल्यासारखं करतात.

पण या प्रकरणात भाऊच मुख्य आहेत.

शाळेने वर्गाचे चार-चारचे गट केले. टर्मअखेर प्रत्येक गटाने पाच मिनिटांचा माहितीपट करायचा. आमच्या गटात दोन मुली, दोन मुलगे. विषय ठरवायलाच दहा दिवस गेले. आधी भुताचा सिनेमा करायचा होता, बाईंनी तो माहितीपट नव्हे म्हणून बाद केला. मग लोकल ट्रेन, तर प्लॅटफॉर्मवर शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते. मग ड्रोन उडवून मिठागरं. ड्रोन कोणाकडे आहे? कोणाकडेच नाही. एकाने तर गोरेगावची चित्रनगरी सुचवली. तो म्हणे, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे दोन बोगदे नॅशनल पार्कखालून खणताहेत, त्यांचं एक तोंड थेट चित्रनगरीत उघडणार, मग आपण तिथे चटकन पोहोचू. बाई म्हणाल्या, बोगदा होईपर्यंत तू कॉलेज संपवशील. घरापासून दहा मिनिटं चालत जाता येईल आणि एकाच माणसाला तीनदा जाऊन तोच प्रश्न विचारता येईल, असा विषय आणा. अशी जागा एकच निघाली, आपली पिठाची गिरणी.

कामं वाटून घेतली तेव्हा आमचे चिरंजीव तोंड पाडून घरी आले. दिग्दर्शन एका मुलीकडे, कॅमेरा दुसरीकडे, एडिटिंग दुसऱ्या मुलाकडे, आणि याला साउंड. साउंड म्हणजे काय, तर माझी जळमटं काढायची काठी, तिला टोकाला माईक बांधलेला, आणि ती डोक्यावर धरून हा उभा. "आजी, सिनेमात साउंडवाला दिसत पण नाही," म्हणाला आणि न जेवता झोपला. मला राहवेना. मी दुसऱ्या दिवशी या भिंतीवरून भाऊंना हाक मारली.

वहिनी म्हणाल्या, "हो, मला आठवतंय. त्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीशी आले. एरवी बनियनवर येतात!"

भाऊंनी नातवाला जवळ बोलावून एकच गोष्ट सांगितली. आपला पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१. अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीचा. स्टुडिओच्या जवळून रेल्वेचे रूळ. दिवसभर गाड्यांची ये-जा, आणि त्या वेळच्या माईकला सगळंच ऐकू येणार. मग काय केलं? रात्री एक ते पहाटे चार शूटिंग. नटनट्यांच्या आसपास कुठेतरी माईक लपवून ठेवायचे. पृथ्वीराज कपूरसारखा माणूस गाडी थांबायची वाट बघत बसला, तो कोणासाठी? "साउंडवाल्यासाठी," भाऊ म्हणाले. "चित्र हललेलं लोक चालवून घेतात. ऐकू आलं नाही तर उठून जातात."

त्या रात्री नातू दोन पोळ्या जास्त जेवला.

आता गिरणी म्हणजे तुम्हाला माहीत आहे. मोटर सुरू असली की शेजारचा माणूस काय म्हणतो ते त्याच्या ओठांवरून ओळखायचं. पहिल्या दिवशी या चौघांनी मालकाला दोन तास प्रश्न विचारले, त्यानेही घसा फोडून उत्तरं दिली, आणि घरी येऊन ऐकलं तर नुसती घरघर. मधूनच एक शब्द, 'ज्वारी'. कॅमेऱ्याच्या भिंगावर पिठाचा थर बसला होता तो वेगळाच. सगळी गिरणी जशी धुक्यात. शिवाय ट्यूबलाईटचे पट्टे! चित्रात वरून खाली काळसर पट्टे सरकत होते. ते भाऊंनी फोनवरच सोडवलं. आपल्याकडे वीज पन्नास सायकलची, म्हणून ट्यूब सेकंदाला शंभरदा मिचमिचते. फोन तीस फ्रेमवर लावलेला, त्याचा मेळ बसत नाही. पंचवीस फ्रेम करा, शटर एक पन्नासांश ठेवा, पट्टे गेले. गेले खरंच. मला यातलं ओ की ठो कळलं नाही, पण पट्टे गेले हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आवाजाचं काय करायचं? आलम आराचंच केलं. गिरणी बंद झाल्यावर, रात्री साडेआठला शटर अर्धं खाली ओढून मुलाखत घेतली. सोबतीला मी आणि एका मुलीची आई पिठाच्या पोत्यांवर बसून होतो. प्रकाशासाठी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, त्यावर एक दिवा उलटा मारलेला. मालकाच्या शर्टाला कॉलर माईक. काय सुंदर बोलला हो तो माणूस! दगडांमधला दाणा संपत आला की गिरणीचा आवाज चढतो, म्हणून पाठ फिरवून चहा पीत असला तरी त्याला कळतं. दगडांना टाकी लावायची वेळ आली हेही कानालाच आधी समजतं. पंचवीस वर्षं या गाळ्यात आहे तो. मग दिग्दर्शक मुलीने विचारलं, काका, तुम्हाला इथला कुठला आवाज सगळ्यात आवडतो?

तो जरा थांबला. म्हणाला, रात्री बंद करून मी जातो, दुपारी जेवायला घरी असतो. दिवसाउजेडी, गिऱ्हाईक समोर असताना, गिरणी बंद ठेवली तर इथे काय ऐकू येतं ते मला माहीतच नाही.

मुलाखत संपल्यावर भाऊंच्या सांगण्यावरून नातवाने सगळ्यांना तीस सेकंद गप्प बसवलं. त्याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते, आणि एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधलं 'अं, म्हणजे' कापलं की तिथे आवाजाचा खड्डा पडतो. तो भरायला तिथलीच शांतता लागते, दुसरीकडची चालत नाही. तेव्हा त्या दिग्दर्शक मुलीच्या डोक्यात आलं की अशीच तीस सेकंदं दिवसा घ्यायची. रांग समोर, डबे समोर, आणि गिरणी बंद.

"आणि तो कबूल झाला? रविवारी? गर्दीच्या वेळी?"

"त्याला स्वतःलाच ऐकायचं होतं ना!"

काल साडेबाराला मी तिथेच होते. रांगेतल्या बायकांना मुलीने हात जोडून सांगितलं, तीस सेकंद बोलू नका. वहिनी, मुलुंडच्या गिरणीच्या रांगेत चार बायका अर्धा मिनिट गप्प उभ्या आहेत, हेच खरं तर पाच मिनिटांच्या माहितीपटाला पुरेसं आहे. नातवाने काठी वर धरली. मालकाने बटण दाबलं. पट्टा फट फट करत सावकाश थांबला, दगडांची घरघर खाली खाली गेली. मग कबुतरं फडफडली. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीचा भोंगा. आणि त्यानंतर वरून बारीक, कुई कुई, कुई कुई.

मालकाने वर पाहिलं. सांगूनही त्याला गप्प राहवलं नाही. "अरेच्या! पंखा वाजतो!"

पंचवीस वर्षं डोक्यावर फिरतोय तो पंखा, आणि वाजतो हे त्याला काल कळलं. एक बाई फसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. मुलांनी ते हसू तसंच ठेवलंय.

"म्हणजे मोटर जळली नाही," वहिनी जरा निराश झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्यांना आता काय सांगायचं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

मग त्यांनी हळूच विचारलं, "गाणं कुठलं लावलंय?"

गाण्यावरून भांडण झालं होतं. एडिटिंगवाल्या मुलाला सिनेमाचं एक दणकेबाज गाणं हवं होतं. बाई म्हणाल्या, वर्गात लावशील, पण यूट्यूबवर टाकलंस की त्या कंपनीचा दावा येईल. त्याऐवजी त्यांनी मुलांना जात्यावरच्या ओव्या ऐकवल्या. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर या दोघांनी गावोगाव फिरून बायकांकडून ओव्या गोळा केल्या, हजाराहून जास्त गावांतल्या, एक लाखाच्या वर. पी. साईनाथांच्या 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या आता ऐकायला मिळतात. मुलांना वाटलं होतं जुनाट काहीतरी असेल. पण एका बाईने गाता गाता मध्येच दम घेतला, तो दमही रेकॉर्डिंगमध्ये आहे, हे नातवाने मला तीनदा सांगितलं. साउंडवाला झाला आता तो. शेवटी ठरलं की गाणं नकोच, गिरणीचाच आवाज राहू द्या.

"आपली मुलं लहान असताना बालचित्रवाणी असायची टीव्हीवर," वहिनी म्हणाल्या. "पुण्याहून यायची ना?"

खिडकीतून भाऊ म्हणाले, "सेनापती बापट रोड. १९८४ ला सुरू झाली, २०१७ ला बंद." एवढं बोलून त्यांनी खिडकी लावून घेतली. त्या विषयावर ते जास्त बोलत नाहीत. तेव्हा मोठी माणसं मुलांसाठी कार्यक्रम करायची आणि मुलं बघायची, एवढं मला आठवतं.

एडिटिंगचं तर विचारूच नका. साडेतीन तासांचं चित्रण, त्यातून पाच मिनिटं. चार दिवस आमच्या हॉलमध्ये चौघांची भांडणं चालू होती. माझीही मुलाखत घेतली होती, बरं का. मी चांगली दोन मिनिटं बोलले, जातं, उखळ, रेशनचा लाल गहू, सगळं सांगितलं. सिनेमात किती राहिले? सात सेकंद. नातवाला म्हटलं, सख्ख्या आजीला कापलंस? तर म्हणतो, "आजी, तू छान बोललीस, पण पुढच्या वाक्याची घाई दिसत होती." ही अक्कल कोणी शिकवली याला?

आता मी पिशवीखालचा कागद काढला.

"वहिनी, एक सही हवी होती."

"कशाची?" बाईमाणूस सहीच्या नावाने सावध होतं. रिडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रानंतर तर जास्तच.

झालं होतं असं. मागच्या गुरुवारी मुलं नुसतंच गिरणीचं चित्रण करत होती तेव्हा वहिनी आल्या, डबा ठेवला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गव्हावर दळा हो! मागच्या खेपेला ज्वारीवर दळलंत, पोळ्या काळ्या पडल्या!" ते बरोबर कॅमेऱ्यात आलं. मुलांच्या मते अख्ख्या माहितीपटात त्याहून खरं वाक्य नाही. पण बाईंचा नियम आहे. ज्याचा चेहरा किंवा आवाज ओळखू येतो, त्याची लेखी परवानगी. गिरणीतला दळणारा मुलगा म्हणाला माझा चेहरा नको, तर त्याचे फक्त हात दाखवलेत, पिठाने कोपरापर्यंत पांढरे झालेले. मला विचाराल तर चेहऱ्यापेक्षा तेच बरे दिसतात.

"अहो, पण मी गाऊनवर होते!" वहिनी ओरडल्या. "ओढणीसुद्धा नव्हती त्या दिवशी! सगळ्या शाळेला दाखवणार?"

"तुम्ही दिसत नाही. तुमचा डबा दिसतो, आणि आवाज येतो तुमचा."

"नुसता आवाज?" त्यांच्या तोंडावरून आता वेगळीच नाराजी फिरली. "मग साडी नेसून परत म्हणू का? रविवारी?"

मी म्हटलं, ते तसं परत होत नाही. विचारलं होतं मी नातवाला. दुसऱ्यांदा म्हटलेलं लगेच ओळखू येतं म्हणे.

वहिनी कागद वाचू लागल्या. सगळा वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली. मग म्हणाल्या, "किती सेकंद आहे मी?"

"नऊ."

"आणि तुम्ही सात?"

"सात."

त्यांनी भिंतीवरच कागद ठेवून सही केली. कोथिंबिरीच्या पाण्याने शेवटची वेलांटी पसरली, पण सही ओळखू येते. मग आत वळून मोठ्याने, भाऊंना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का, मी नऊ सेकंद आहे!"

तर ऐका. शनिवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पांढऱ्या चादरीवर दाखवणार आहेत. खुर्ची आपापली आणायची. सात ते सव्वासात दोन्ही सोसायट्यांत मिक्सर, पंप आणि कुकर बंद ठेवा, हे साउंडवाल्याने हात जोडून सांगितलंय. गिरणीवालाही येणार आहे, त्यामुळे शनिवारी गिरणी सहालाच बंद. पीठ शुक्रवारीच दळून आणा.